रिकाम्या गावाचे रक्षण

आगमनकाळातील घरभेटी हा आम्हां धर्मगुरूंचा दरवर्षीचा नेम. दारी जावे, घरच्यांसह प्रार्थना म्हणावी, पवित्र जलाने घर आशीर्वादित करावे आणि मग चहाच्या कपासोबत त्या घराची जी काही सुखदुःखे असतील ती ऐकून घ्यावी. अशाच एका भेटीत घरच्या माउलीने आम्हांला स्वयंपाकघराच्या दाराशी बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हटले, "फादर, आमच्या मुलाला तुम्हीच जरा सांगा. रविवारची मिस्सा आटोपली की दार लावून लढाई खेळत बसतो. मुलगा वाईट नाही हो. पण टीव्हीवर रोज खरी लढाई दिसते आणि हा घरात खोटी मांडतो. मला ते बघवत नाही."

मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला अभियंता. गायनवृंदात नियमाने गाणारा, मितभाषी, आपल्या पगारातून धाकट्या बहिणीचे शिक्षण करणारा. आम्ही त्याच्या खोलीत गेलो तेव्हा टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला होता. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे त्यावर आखलेली. त्यांत रस्ते, कुंपणे, दगडी इमारती, शेते आणि मधोमध एक चर्च. गावात निळसर-हिरव्या रंगाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, तर उत्तरेकडील उंचवट्यावर करड्या रंगाचे रणगाडे. एक घर म्हणजे जमिनीवरील चाळीस मीटर, एक डाव म्हणजे दोन मिनिटे, असे त्याने समजावून सांगितले. दगडी इमारतीत बसलेल्या सैनिकांवर गोळीबार झाला तर फाशांच्या दानात तीन मिळवायचे, लाकडी इमारतीत असतील तर दोन. म्हणजे मारा तितका निष्प्रभ. नियमांचे पुस्तक आमच्या मिस्सा-ग्रंथाएवढे जाड. "फादर, रागावणार नसाल तर एक विचारू?" तो म्हणाला. "मला खेळायला जोडीदारच मिळत नाही. तुम्ही गावाचा बचाव करा, मी रणगाडे घेतो."

रागवायला गेलेले आम्ही पुढचे तीन रविवार संध्याकाळी त्या टेबलाशी बसलो, हे वाचकांना आधीच सांगून टाकलेले बरे.

चिलखती हल्ल्यापासून गाव राखण्याची विद्या खरोखर विलक्षण आहे, आणि ती आम्हांला आवडली हेही लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी आम्ही सर्व सोंगट्या गावाच्या वेशीवर ओळीने मांडल्या. त्याने दुरूनच तोफांचा मारा करून ती ओळ मोडली आणि अर्ध्या तासात आमचे गाव गेले. मग त्याने शिकवले. रणगाडा मोकळ्या शेतात राजा असतो. पण गल्लीत शिरला की तो आंधळा होतो. झडपा बंद केलेल्या रणगाड्यातून बाहेरचे फार थोडे दिसते. त्याचे पुढचे चिलखत जाड, बाजूचे आणि मागचे पातळ. तेव्हा त्याला समोरून अडवू नये. आत येऊ द्यावे आणि घराच्या खिडकीतून बाजूने मारावे. त्याच्यासोबत चालणारे पायदळ आधी त्याच्यापासून तोडावे. एकटा रणगाडा गावात फार काळ टिकत नाही. आपली रणगाडाविरोधी तोफ सुरुवातीलाच बोलू लागली तर शत्रूला तिची जागा कळते. म्हणून तिने गप्प बसावे, आणि असे बसावे की तिला एकच चौक दिसेल व त्या चौकाखेरीज तिला कोणी पाहणार नाही. काही तुकड्या हाती राखून ठेवाव्यात. मागे सरकण्याची वाट आधीच ठरवावी. आणि गावात सर्वांत उंच जे काही असेल तेथे आपला एक निरीक्षक चढवावा.

गावात सर्वांत उंच काय असते हे ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या रविवारी आम्ही चर्चच्या मनोऱ्यात निरीक्षक ठेवला आणि दफनभूमीच्या दगडी भिंतीमागे तोफ लपवली. सहाव्या डावात दोन रणगाडे चौकात आले आणि दोन्ही जळाले. "वा फादर!" तो आनंदाने म्हणाला. "मीसुद्धा तिथेच ठेवली असती." आम्ही एखाद्या शाळकरी पोरासारखे सुखावलो. धर्मगुरुनिवासाकडे परतताना आमच्याच चर्चची सायंप्रार्थनेची घंटा झाली. तेव्हा कुठे मनात आले, की पंचवीस वर्षांहून अधिक काळ वेदीची सेवा केलेल्या माणसाने आज शत्रूच्या तोफांना वेदीचा पत्ता दिला आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. निर्णय घेताना एक क्षणही हात थबकला नव्हता.

येथे एक शंका आधीच दूर केली पाहिजे. असा खेळ खेळणे हेच मुळात पाप आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकवताना आमचे प्राध्यापक आवर्जून सांगत, की या थोर आचार्याने खेळाला सद्गुणांच्या पंक्तीत बसवले आहे. मनाला विसावा हवा. मात्र खेळात अश्लील वा इजा करणारे काही नसावे, मनाचा तोल जाऊ नये, आणि व्यक्ती, स्थळ, काळ यांचे औचित्य राखावे, एवढ्याच त्यांच्या अटी. युद्धाचे खेळ तर जुनेच आहेत. आपल्या चतुरंगातही हत्ती, घोडे आणि पायदळ आहे. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशा आणि फासे वापरून जो खेळ बसवला तो सैन्याने प्रशिक्षणासाठीच उचलला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली दिवाणखान्यातील शिशाच्या सैनिकांचे नियम पुस्तकरूपाने छापले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध किती बरे, असे बजावले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, हा दोष अर्थात वेल्स यांचा नव्हे. बुद्धिबळ खेळून कोणी राजहत्या करायला निघत नाही, आणि आमचा अभियंता मुंगीलाही सांभाळून पाऊल टाकणाऱ्यांपैकी आहे. माउलीची तक्रार खेळाच्या रक्तपाताविषयी होती. त्या बाबतीत आम्ही निश्चिंत होतो. आमची बेचैनी वेगळीच होती.

बुद्धिबळाच्या पटावर गाव नसते. या पटावर होते. आणि ते रिकामे होते.

नकाशावर बेकरी होती, शाळा होती, चर्च होते, तीसेक घरे होती. पण बेकरीत बेकरीवाला नव्हता. शाळेत मास्तर नव्हते. चर्चमध्ये धर्मगुरू नव्हता. असता तर त्याने आमच्या निरीक्षकाला मनोऱ्याच्या जिन्यावर अडवून चार गोष्टी विचारल्या असत्या. भिंतीचे मूल्य तीन, कुंपणाचे एक, आणि भिंतीआडच्या बाळंतिणीचे काहीच नाही. गावाचे रक्षण असे आम्ही म्हणत होतो. पण रक्षण कोणाचे? आम्ही गावाचे रक्षण करत नव्हतोच. गाव आमचे रक्षण करत होते.

ज्या गावाचा हा नकाशा, ते खरे आहे. बेल्जियममधील बास्तोन्य या गावाच्या उत्तरेस सात-आठ किलोमीटरवर, ऊफालीझला जाणाऱ्या रस्त्यावर नोव्हिल नावाचे खेडे आहे. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्याने आर्देन्नच्या डोंगराळ प्रदेशात अखेरचा मोठा हल्ला चढवला तेव्हा १८ तारखेच्या रात्री मेजर विल्यम डेसोब्री नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन अधिकारी सुमारे चारशे माणसे आणि पंधरा शर्मन रणगाडे घेऊन तेथे पोचला. त्याच्या वरिष्ठाने, कर्नल रॉबर्ट्स यांनी, त्याला निघतानाच बजावले होते, की सकाळपर्यंत तू घाबरशील आणि मागे यावेसे तुला वाटेल. तेव्हा लक्षात ठेव, मी सांगेपर्यंत मागे यायचे नाही. १९ च्या सकाळी दाट धुके उठले आणि समोरच्या उंचवट्यावर जर्मन रणगाडे दिसू लागले. नोव्हिल खोलगट जागी. शत्रू भोवतालच्या टेकाडांवर. डेसोब्रीने मागच्या फ्वा गावापर्यंत सरकण्याची परवानगी मागितली. उत्तर आले, की निर्णय तुझा तू घे, पण छत्रीधारी सैनिकांची एक बटालियन तुझ्या मदतीला पाठवत आहोत. तो थांबला. त्या रात्री त्याच्या ठाण्यावर तोफेचा गोळा पडला. बटालियनचा प्रमुख लाप्रेड मेला, डेसोब्री जबर जखमी होऊन पुढे शत्रूच्या हाती सापडला. २० तारखेच्या दुपारी उरलेले सैनिक धुक्याच्या आडोशाने बाहेर पडले. पंधरांपैकी बहुतेक रणगाडे गेले होते, आणि मदतीस आलेल्या बटालियनने दोनशेहून अधिक माणसे गमावली होती. पण एक चिलखती डिव्हिजन जवळजवळ दोन दिवस अडून राहिली, आणि तेवढ्या अवधीत बास्तोन्यचा बंदोबस्त झाला. तो वेढा २६ डिसेंबरला उठला, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

डेसोब्रीची ही परवानगी मागण्याची हकिगत लष्करी इतिहासात आदराने सांगितली जाते, आणि ती आदरास पात्रच आहे. सव्वीस वर्षांच्या पोराने तो निर्णय घेतला. त्या वयात आम्ही सेमिनरीत परीक्षेच्या चिंतेत होतो. मात्र त्या हकिगतीत धुके येते, टेकाडे येतात, रणगाड्यांची संख्या येते. गावकरी येत नाहीत. त्यांतले काही गाव सोडून गेले होते, काही मागे राहिले होते. युद्धकथांची ही रीतच आहे. आपल्या वसईच्या किल्ल्याचेच पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून तट फोडला, मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीचा करार केला. सुरुंग, शिड्या आणि बुरूज शाळकरी मुलांनाही पाठ असतात. तटाच्या आत लहान मुले किती होती हा प्रश्न आम्हांला एकाही परीक्षेत आला नाही.

नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकवले गेले. ज्या कृतीचा एक परिणाम चांगला व एक वाईट आहे ती केव्हा करता येते? कृती स्वतः वाईट नसावी. वाईट परिणाम हेतू नसावा. तो चांगल्या परिणामाचे साधनही नसावा. आणि दोहोंत काही प्रमाण असावे. याचे मूळ संत थॉमस यांच्या आत्मसंरक्षणावरील विवेचनात आहे. सोळाव्या शतकात सालामांका येथे डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी युद्धाच्या कायद्यावर व्याख्यान दिले तेव्हा हाच धागा पुढे नेला: निरपराध माणसाला जाणूनबुजून मारणे कधीही क्षम्य नाही, परंतु किल्ल्यावर हल्ला करताना आत निरपराध असले तर काय, याचा विचार त्यांनी अतिशय जपून केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा ठरवला.

आता गंमत अशी, की वर्गात या तत्त्वाचे उदाहरण नेहमी हल्ला करणाऱ्याचे असे. विमानातून बॉम्ब टाकणारा वैमानिक, किल्ल्याला वेढा घालणारा सेनापती. बचाव करणाऱ्याला कोणी फळ्यासमोर उभे केले नाही. त्याची बाजू न्यायाची, म्हणजे त्याचा हिशोब आधीच चुकता झालेला, असे आपण धरून चालतो. आणि येथेच, आमच्या अल्पमतीप्रमाणे, मोठी फसगत आहे. न्याय्य बाजू माणसाला लढण्याचा अधिकार देते. दुसऱ्याचे घर, त्या घरातील माणसांसह, खर्ची घालण्याचा अधिकार देत नाही. तो वेगळा मागावा लागतो, आणि फार थोड्या वेळा मिळतो.

बचाव करणारा सैनिक त्या दगडी घरात का शिरला? भिंत जाड आहे म्हणून शिरला असेल तर आत राहिलेल्या माणसांना होणारा धोका हा त्याच्या कृतीचा परिणाम आहे, हेतू नव्हे. तेव्हा प्रमाणाचा प्रश्न उरतो, आणि त्यांना आधी सूचना दिली का, वाट मोकळी केली का, हा प्रश्न उरतो. परंतु आत माणसे आहेत म्हणून शत्रू गोळी झाडताना कचरेल, असा हिशोब करून तो शिरला असेल, तर ती माणसे त्याच्या हातातील ढाल झाली; ती साधन झाली. बाहेरून दोन्ही सैनिक एकसारखेच दिसतात. खिडकी तीच, बंदूक तीच. १९७७ साली जिनिव्हा करारांना जो पहिला पूरक मसुदा जोडला गेला त्यात हेच कायद्याच्या भाषेत आले आहे. माणसांची ढाल करू नये. बचाव करणाऱ्यानेही शक्य तेवढे आपले सैन्य दाट वस्तीत ठेवू नये, नागरिकांना तेथून हलवावे. आणि एखादे गाव लढवायचेच नसेल तर ते बिनबचावाचे म्हणून जाहीर करता येते, मग त्यावर हल्ला करणे निषिद्ध. योगायोगाने या जातीच्या तपशीलवार खेळांतला एक फार गाजलेला खेळ त्याच १९७७ साली अमेरिकेत निघाला. एका वर्षी कायद्यात माणसे आली आणि पटावरची घरे रिकामीच राहिली.

चर्चच्या मनोऱ्याविषयी एवढेच सांगतो. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी संत बेनेडिक्ट यांचा मोंते कासिनो येथील मठ जमीनदोस्त केला. तेथून शत्रू टेहळणी करत असावा, असा संशय होता. त्या वेळी मठात जर्मन सैन्य नव्हते. आश्रयाला आलेले नागरिक होते, आणि त्यांतले पुष्कळ मेले. उंच जागी कोणीतरी असणारच, हे आम्हांला टेबलावर जसे वाटले तसेच त्या सेनापतींना वाटले. एकदा मनोऱ्यात एक निरीक्षक चढला की पुढच्या शंभर गावांतल्या शंभर मनोऱ्यांवर संशय बसतो.

या प्रश्नाचे आजचे रूपही पाहिले पाहिजे, कारण माउलीचे डोळे टीव्हीकडे होते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. मारिउपोल शहर वेढले गेले. १६ मार्च रोजी तेथील नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत शेकडो लोक आसऱ्याला होते आणि आकाशातून वाचता यावे म्हणून बाहेर जमिनीवर रशियन भाषेत 'मुले' असे प्रचंड अक्षरांत लिहिलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने युक्रेनच्या सैन्यावर ठपका ठेवला, की ते वस्तीत, शाळांत, रुग्णालयांत तळ ठोकून नागरिकांना धोक्यात घालत आहे. त्यावर जगभर संताप उसळला. ज्याच्या घरात चोर शिरला त्यालाच तू खिडकीशी का उभा राहिलास म्हणून विचारता काय, असा तो संताप होता, आणि तो आम्हांला समजतो. पहिला दोष, मोठा दोष, नेहमी चाल करून येणाऱ्याचा. तो नसता तर कोणालाच मनोरा लागला नसता. तरीही दुसऱ्याच्या मोठ्या पापाने आपले छोटे कर्तव्य माफ होते, असे आम्ही कोणत्याही पापनिवेदनात ऐकून घेत नाही. येथे तरी का ऐकावे?

हे सारे आम्ही त्या तरुणाशी बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग कपाटातून एक पुस्तक काढून त्याने दुसऱ्याच एका गावाची हकिगत दाखवली. त्याच डिसेंबरात, नोव्हिलच्या उत्तरेला, स्तूमों नावाच्या गावात अमेरिकन पायदळाची एक बटालियन होती. १९ तारखेच्या सकाळी धुक्यातून जर्मन रणगाडे आले आणि सुमारे दोन तासांत गाव पडले. मग अमेरिकनांनी ते परत घेण्यासाठी हल्ला केला. गावाच्या पश्चिम टोकाला सेंट एडवर्डच्या नावाचे आरोग्यधाम होते, विटादगडांची भक्कम इमारत. ती अमेरिकनांनी घेतली, मध्यरात्री जर्मनांनी परत जिंकली, पुन्हा हल्ला झाला. खोल्याखोल्यांतून लढाई चालली. आणि सारा वेळ तळघरात दोनशेहून अधिक माणसे बसून होती: बहुतेक मुले आणि वृद्ध, त्यांच्यासोबत धर्मभगिनी आणि एक धर्मगुरू. वर रणगाड्यांचे गोळे भिंतीतून आरपार जात असताना त्या धर्मगुरूने सर्वांना सामुदायिक पापक्षमा दिली. २२ तारखेस जर्मन निघून गेले. तळघराचे छत टिकले होते. माणसे वर आली.

"पटावर या इमारतीला काय मिळालं असतं माहीत आहे, फादर?" तो म्हणाला. "तीन."

तिसऱ्या रविवारी त्याने पिवळ्या कागदाच्या बारा चिठ्ठ्या कापून आणल्या. काही कोऱ्या, काहींवर आकडा. त्या पालथ्या करून दगडी घरांत ठेवल्या. कोणत्या घरात माणसे आहेत हे दोघांनाही ठाऊक नाही. ज्याला त्या घरातून लढायचे किंवा त्यावर मारा करायचा आहे त्याने आधी चिठ्ठी उलटायची. नियम सोपा होता. अडले ते पुढे. "माणसं असलेलं घर पडलं तर गुण किती कापायचे, फादर?" आम्ही विचार करू लागलो. एक रणगाडा म्हणजे सहा गुण, असे पुस्तक सांगते. मग एक कुटुंब म्हणजे किती? दोन म्हटले तर सौदा स्वस्त. पन्नास म्हटले तर खेळच होत नाही. आणि कोणताही आकडा सांगितला की पुढे तो परवडतो की नाही एवढेच पाहायचे उरते, हे आमच्या ध्यानात आले. सेमिनरीतल्या 'प्रमाण' या शब्दाखाली काय दडलेले आहे ते त्या टेबलाशी प्रथमच अंगावर आले. शेवटी ठरले, की गुण लावायचे नाहीत. चिठ्ठी उलटायची, सगळ्यांना दिसेल अशी नकाशाच्या कडेला ठेवायची, आणि मग हवी ती चाल करायची.

आमची चाल काय झाली ते प्रामाणिकपणे लिहितो. पहिली चिठ्ठी उलटली, आकडा निघाला, आम्ही ती तुकडी दुसऱ्या घरात नेली. दुसरीवरही आकडा निघाला. तिसऱ्या वेळी रणगाडे अगदी जवळ आले होते आणि कोपऱ्यावरचे ते घर फार मोक्याचे होते. तेव्हा मन म्हणू लागले, की येथून एकदाच गोळीबार करू, लगेच निघू. कारणे भराभर सुचत होती आणि सगळी चांगली होती. चर्चमध्ये मात्र कोणाला पाठवले नाही; तेथील चिठ्ठी पालथीच राहिली. पाचव्या डावात आम्ही दक्षिणेच्या रस्त्याने सारे सैन्य बाहेर काढले. गुणांच्या हिशोबात आम्ही दणकून हरलो. "तुम्ही गाव वाचवलंत, फादर," तो म्हणाला, आणि आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले.

मग त्याने पुस्तकाची पुढची पाने उलटली. २० डिसेंबरला अमेरिकन सैनिक नोव्हिलमधून निघून गेले. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेस, जर्मन सुरक्षा-सेवेची एक तुकडी गावात आली. सप्टेंबरात गाव मुक्त झाले तेव्हा प्रतिकार चळवळीशी कोणाचा संबंध होता याचा तिला शोध घ्यायचा होता. तिने गावातील काही पुरुषांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. त्यांत शाळेचे मास्तर ओग्यूस्त लुत्जेन होते, आणि गावचे धर्मगुरू लुई देल्वो होते. तीन दिवसांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, बांद या गावात अशाच रीतीने चौतीस जणांना मारण्यात आले.

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. तोफ काढून घेतली म्हणून गाव वाचले, असे आम्ही समजत होतो. आणि ज्या गावातून तोफ निघून गेली तेथे मागाहून कोण येतो याचा विचारच आम्ही केला नव्हता. म्हणजे आमच्या दृष्टीने गाव अजूनही रिकामेच होते. आम्ही फक्त पिवळ्या कागदांना भ्यालो होतो. नोव्हिल दोन दिवस लढले नसते तर बास्तोन्यच्या तळघरांतील माणसांचे काय झाले असते, हाही प्रश्न आहेच. डेसोब्रीला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याला जे माहीत होते त्यावर त्याने निर्णय घेतला आणि त्याची किंमत स्वतःच्या देहानेही मोजली. लढणे निर्दोष नव्हते, निघून जाणेही निर्दोष नव्हते. फरक एवढाच पडू शकतो, की निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मास्तर आणि बेकरीवाला उभे होते की केवळ भिंती. त्याने तळघराचे दार एकदा तरी ठोठावून आत कोण आहे हे विचारले की नाही. जाताना त्यांना बरोबर येण्याची संधी दिली की नाही. हा फरक छोटा वाटेल. ज्याच्या दारावर थाप पडली त्याला तो छोटा वाटत नाही.

फादर देल्वो यांच्याविषयी आम्ही त्या दिवसापासून पुष्कळदा विचार करतो. ते गावात का राहिले हे समजायला आम्हांला कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. धर्मगुरू राहतो, लोक आहेत तोवर राहतो. पण १९ च्या पहाटे एखादा तरुण, घाबरलेला, सभ्य अधिकारी त्यांच्या दारी आला असता आणि म्हणाला असता, फादर, मनोऱ्याची किल्ली द्या, तर त्यांनी काय केले असते? आणि आम्ही काय केले असते? नकार द्यावा, तर ज्या सैनिकांवर आपल्या लोकांचा जीव अवलंबून आहे त्यांनाच आंधळे करावे. किल्ली द्यावी, तर वेदीवर तोफ ओढवून घ्यावी. आमच्या चर्चच्या मनोऱ्याची किल्ली आमच्या टेबलाच्या उजव्या खणात असते. घंटेचा दोर बदलायचा असला की सेक्रिस्तान ती मागून नेतो. हल्ली ती त्याच्या हाती देताना हा प्रश्न आठवतो, आणि उत्तर अजून सापडलेले नाही.

माउलीला आम्ही सांगितले, की मुलाला खेळू द्यावे. तिचे समाधान झाले नाही. "पण फादर, तुम्ही तर त्याला थांबवायला गेला होता ना?" असे तिने विचारले, आणि आम्ही होय म्हटले. गेल्या आठवड्यात ती मिस्सेनंतर भेटली तेव्हा थोडी कुरकुरतच म्हणाली, की आता तो तिच्याकडून घरातल्या जुन्या वह्यांचे पिवळे पुठ्ठे मागून घेतो आणि चिठ्ठ्यांवर आकड्यांऐवजी नावे लिहीत बसतो. बेल्जियमची नावे कशी असतात ते आम्हांलाच विचारायला तो येणार आहे.